सातवा सोनाटा, सहावी मात्रा

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी पार्ल्यातल्या एका शाळेच्या सभागृहात माझा पियानोवादनाचा कार्यक्रम झाला. आधी मोझार्टचा ए मायनर सोनाटा, मग चहा-वडा, मग रशियन संगीतकार सर्गेई प्रोकोफिएव्हचा सातवा सोनाटा. तिकीट नव्हतं, त्यामुळे शंभर-सव्वाशे माणसं आली. वडे संपल्यावरही त्यातली बहुतेक परत आत येऊन बसली, ही माझी त्या दिवशीची पहिली कमाई. दाराशी मी बिस्किटांचा रिकामा डबा, कागदाचे चिटोरे आणि चार पेन्सिली ठेवल्या होत्या. काय वाटलं ते लिहा म्हटलं. 34 चिठ्ठ्या निघाल्या. 27 चिठ्ठ्यांवर ‘खूप छान’, दोनांवर ‘वडे छान’, एकीवर नुसताच फोन नंबर. उरलेल्या चार कामाच्या. पेन्सिल एकच परत आली.

गेल्या अंकात या सदरात कार्यक्रमाबद्दल चार ओळी छापून आल्या आणि मग पत्रं यायला लागली. चिठ्ठी माणूस उभ्या उभ्या, चप्पल शोधता शोधता लिहितो. पत्र लिहायला त्याला घरी जाऊन बसावं लागतं, तोवर ऐकलेलं डोक्यात मुरतं. संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे दिला आणि ‘तुम्हीच बघा’ म्हणाले. निवडून देते आहे. नावं कोणाचीच छापलेली नाहीत. एका पत्रावर तर नाव नव्हतंच, पण ते कोणाचं हे मला पहिल्या दोन ओळींत कळलं. ते शेवटी घेते.

*

‘मी सात वर्षं तबला शिकतो आहे. शेवटच्या भागात तुम्ही रूपक वाजवत होतात, हे मी शपथेवर सांगतो. मांडीवर ठेका धरला. पण सम काही जुळेना. ती यायची, पण तुम्ही तिच्यावर यायचा नाहीत. आजूबाजूला सगळे श्वास रोखून बसलेले, म्हणून विचारता आलं नाही. चूक माझी की तुमची?’
(तबल्याचा विद्यार्थी, डोंबिवली)

कोणाचीच नाही. आणि हे एक पत्र सोडून बाकी काही आलं नसतं तरी मला चाललं असतं.

या सोनाट्याचा तिसरा भाग सात मात्रांचा आहे. एकेका मापात सात, आणि त्यांची विभागणी दोन-तीन-दोन. आपला रूपक तालही सातच मात्रांचा, पण तीन-दोन-दोन. आता रूपकाचा ठेका म्हणा: ती ती ना, धी ना, धी ना. तोच ठेका सहाव्या मात्रेपासून उचला: धी ना, ती ती ना, धी ना. दोन, तीन, दोन. झाला प्रोकोफिएव्ह. तुम्ही मांडीवर धरलात तो रूपक बरोबरच होता. फक्त तुमची सम, म्हणजे ठेक्याची पहिली मात्रा, माझ्या तिसऱ्या मात्रेवर पडत होती, आणि मी जिथे हात आपटत होते ती तुमची सहावी. आपण दोघं एकाच गाडीत होतो, पण तुम्ही ज्या स्टेशनला उतरायला दारात येऊन उभे राहिलात, तिथे माझी गाडी थांबत नव्हती. फास्ट होती.

त्यातून रूपकाची सम खालीची, म्हणजे बिनवजनाची. ती आपटत नाही, नुसती टेकते. तुम्ही त्या टेकण्याची वाट बघत होतात आणि इकडून नुसते घणाचे घाव. वेग म्हणाल तर सेकंदाला साधारण सहा मात्रा, म्हणजे सव्वा सेकंदाच्या आत आवर्तन संपतं. एवढ्या वेगात तुम्हाला सात मोजता आले, यातच तुमच्या गुरुजींची सात वर्षं कारणी लागली.

आता माझं सांगते. आठ महिने मी हे माप इंग्रजीत मोजलं. वन-टू, वन-टू-थ्री, वन-टू. मला लहानपणी गिरगावात ज्या बाईंनी पियानो शिकवला त्यांनी असंच मोजायला शिकवलं होतं, आणि मीही माझ्या विद्यार्थ्यांना तेच शिकवते. पण ‘थ्री’ म्हणताना जीभ दातांत जाते. वेग वाढला की आधी जीभ मागे पडते आणि तिच्या मागोमाग हात. तुमचं पत्र आल्यापासून मी बोल म्हणत वाजवते आहे. धी ना ती ती ना धी ना. जीभ टाळूला लागते आणि सुटते, कुठे अडकत नाही. ज्या दोन ओळी मला जूनपासून छळत होत्या, त्या चौथ्या दिवशी सुटल्या.

एक तोटा आहे. ‘ती’ म्हटलं की सवयीने तिथे सम वाटते आणि डावा हात तिथे वजन टाकतो. टाकायचं असतं पहिल्या मात्रेवर. म्हणून पहिला ‘धी’ मी मुद्दाम पोटातून म्हणते. घरातले हसतात.

आमच्या घरी आईची पेटी होती. ती भावगीतं म्हणायची, त्यातली निम्मी रूपकात. हा ताल मला पोळीभाजीइतका ओळखीचा. आणि 42 वर्षं पियानोवर बसूनही तो समोरच्या कागदावर पडलेला मला दिसला नाही, तो तुम्हाला मांडीवर सापडला.

*

‘पहिला भाग संपला आणि मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. शेजारच्या बाईंनी असे डोळे वटारले की मी पुढचं काही नीट ऐकलंच नाही. असा नियम असतो हे माहीत नव्हतं. क्षमस्व.’
(एक श्रोता, दादर)

क्षमा त्या बाईंनी मागायला हवी. तीन भागांचा सोनाटा संपेपर्यंत गप्प बसायचं ही रीत आहे खरी, पण ती फार जुनी नाही. 1778 साली पॅरिसमध्ये मोझार्टची सिंफनी झाली तेव्हा लोकांनी पहिल्या भागाच्या मध्येच टाळ्या वाजवल्या, आणि मोझार्टने 3 जुलैच्या पत्रात हे वडिलांना मोठ्या खुशीत कळवलं. तिथे टाळ्या पडणार हे त्याला ती जागा लिहितानाच ठाऊक होतं. (त्याच दिवशी त्याची आई वारली होती. वडिलांना एकदम धक्का बसू नये म्हणून पत्रात त्याने ती खूप आजारी आहे एवढंच लिहिलं. मी वाजवला तो ए मायनर सोनाटा त्याच पॅरिसमधला, त्याच वर्षीचा. कार्यक्रमात सांगायचं राहून गेलं, म्हणून इथे सांगितलं.)

टाळ्यांनी माझं काही बिघडलं नाही. उलट हात पुसायला वेळ मिळाला. पण एक कबूल करते. दुसऱ्या भागात मध्यावर घंटा वाजल्यासारखे दोन लगतचे स्वर आलटून पालटून येत राहतात, येतच राहतात, आणि मग सुरुवातीची उबदार चाल थोडीशीच परत येते. ती परत आली त्या क्षणी तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ‘वा’ म्हणालं. हलकेच, बैठकीत म्हणतात तसं. मी दचकले. पियानोच्या कार्यक्रमात ‘वा’ ऐकायची सवय नाही. पण जागा अचूक होती. ते कोण होते त्यांनी पत्र पाठवलेलं नाही. पाठवावं.

*

‘पूर्वार्धात मान डोलली. उत्तरार्धात वाटलं, कोणीतरी स्वयंपाकघरातलं मांडणीवरचं सगळं खाली ओढतंय. मधलं जरा बरं होतं. याला संगीत का म्हणायचं? आणि इतकं अवघड वाजवून साधतं काय? राग मानू नका, मी चाळीस वर्षं नाट्यसंगीत ऐकलेलं आहे.’
(सेवानिवृत्त, मुलुंड)

राग कसला? मांडणीवरची भांडी ही उपमा पहिल्या भागाला चपखल बसते. प्रोकोफिएव्हनेच वर शब्द लिहून ठेवलाय ‘इनक्विएतो’, म्हणजे अस्वस्थ. तुम्ही अस्वस्थ झालात, म्हणजे निरोप पोचला. मधल्यावर लिहिलंय ‘कालोरोसो’, उबदार. ते तुम्हाला जरा बरं वाटलं. शेवटच्यावर ‘प्रेचिपितातो’, कड्यावरून सुटल्यासारखं. तीनपैकी तीन गोष्टी तुम्ही इटालियन न येता ओळखल्यात.

अस्वस्थपणाचं एक कारण मात्र सांगते, कारण ते नाट्यसंगीत ऐकणाऱ्यालाच कळेल. आपल्या कानाला खाली तंबोरा लागतो. सा कुठे आहे हे माहीत असलं की वरचा कितीही तिरपा स्वर आपण सोसतो. मोझार्टकडे तंबोरा नसतो, पण घर ठरलेलं असतं आणि तो दर थोड्या वेळाने घरी येऊन जातो. इथे पहिल्या भागात घर कागदोपत्री आहे, बी फ्लॅट, पेटीवरची काळी पाच. पण चाल तिथे टेकतच नाही. टेकली असं वाटलं की कोणीतरी खालची सतरंजी ओढतं. आणि शेवटच्या भागात सगळी कसर भरून काढतात: डाव्या हातात काळी पाच, काळी एक, पुन्हा काळी पाच. सा, कोमल गंधार, सा. तेच, तेच, तेच. इतका वेळ हरवलेला सा आता छातीवर बसून बुक्के मारतो. पुढच्या वेळी ऐकाल (ऐकलंत तर) तेव्हा या एका गोष्टीकडे कान ठेवा.

हे का लिहिलं म्हणाल, तर तारखा देते. अर्थ तुम्ही लावा. प्रोकोफिएव्हने सहावा, सातवा आणि आठवा असे तीन सोनाटे 1939 साली हाती घेतले. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचा जवळचा सहकारी, नाट्यदिग्दर्शक मेयरहोल्ड याला पकडून नेलं. पुढच्या फेब्रुवारीत त्याला गोळी घातली. त्याच 1939च्या डिसेंबरात स्टालिनच्या साठाव्या वाढदिवसासाठी प्रोकोफिएव्हने स्तुतिपर रचनाही करून दिली. सोव्हिएत रशियावर हल्ला झाला तो जून 1941मध्ये. सातवा सोनाटा पुरा झाला 1942त, आणि 18 जानेवारी 1943ला मॉस्कोत स्व्यातोस्लाव रिख्टरने तो पहिल्यांदा लोकांपुढे वाजवला. त्याच दिवशी लेनिनग्राडचा वेढा फोडण्यात यश आलं. सोनाट्याला पुढे स्टालिन पारितोषिक मिळालं. या तिघांना लोक ‘युद्ध सोनाटे’ म्हणतात, पण सुरुवात झाली तेव्हा तिथे युद्ध पोचलेलं नव्हतं. दारावर रात्रीची थाप मात्र पोचली होती.

अवघड वाजवून काय साधतं? पाठीची दुखणी. रिख्टरने हा सोनाटा चार दिवसांत बसवला, मला आठ महिने लागले, आणि तरी तुम्हाला भांडी पडल्यासारखं वाटलं, यात काही वाटा प्रोकोफिएव्हचा नसून माझा आहे. त्याबद्दल गोरेगावच्या आजींच्या पत्रात.

*

‘रोज किती तास रियाज करता?’
(विद्यार्थिनी, चेंबूर)

अडीच. चार म्हणणाऱ्यांत चहा आणि फोन धरलेला असतो.

*

‘मधल्या शांत भागात सभागृहात उंदीर होता का? नियमितपणे कुईं असा आवाज येत होता. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, मला वाटतं तो तुमच्या उजव्या पायाशी होता.’
(एक वाचक, ठाणे)

तुमचं निदान बरोबर. पेडल. सकाळी गप्प होतं, संध्याकाळी बोलायला लागलं. आमचे ट्यूनरकाका वड्यांच्या वेळात पियानोखाली शिरून पेन्सिलीचं शिसं खरवडून त्याच्या सांध्याला लावून आले (हरवलेल्या तीन पेन्सिलींपैकी एकीचा हिशोब इथे लागतो), पण आवाज मेला नाही. दुसऱ्या भागात पेडल न दाबता वाजवणं शक्य नाही. सूर तुटतात. मग मी पाय अगदी वर उचलायचाच नाही असं ठरवलं, अर्ध्यातच धरला. त्यामुळे कुईं कमी झाली आणि एका ठिकाणी सूर एकमेकांत गढूळ झाले. दोन्हींतलं एक निवडायचं होतं.

मुंबईत पियानो सांभाळणं म्हणजे दम्याचं माणूस सांभाळण्यासारखं आहे. आत साधारण 230 तारा, सगळ्यांचा मिळून ताण 18 ते 20 टन, तो ताण बिडाची चौकट पेलते, पण तारांखालची लाकडी फळी पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते. ती फुगली की तारा ताणल्या जातात आणि सूर चढतो, मधल्या सप्तकात सगळ्यात जास्त. थंडीत हवा कोरडी झाली की उतरतो. पट्ट्यांखालचं लोकरीचं कापडही ओल धरतं, मग दाबलेली पट्टी वर यायला कुरकुरते. घरी मी पियानोत ओल घालवणारी, गरम होणारी दांडी लावली आहे. आमच्या जुन्या बाई खालच्या दारातून आत एक मिणमिणता बल्ब सोडायच्या आणि पावसाळाभर तो जळत ठेवायच्या. सभागृहातला पियानो मात्र वर्षातले तीनशे दिवस खोळीखाली असतो. ऑक्टोबर हा त्याच्यासाठी सर्वांत वाईट महिना, भिजून झालेलं असतं आणि एकदम ऊन. हे कळत असून मी तारीख तीच घेतली, कारण तीच मिळाली.

*

‘माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. तुमचा कार्यक्रम ऐकून आल्यापासून त्याला तेच शेवटचं शिकायचंय. व्हिडिओ बघून डाव्या हाताचं अर्धं बसवलंही आहे. शिकवू का?’
(एक आई, कल्याण)

नको. बसवलंय म्हणता, तर मनगट दुखतंय का तेवढं आधी विचारा. यात अष्टकांच्या (सा ते वरचा सा एवढ्या अंतराच्या) उड्या आहेत, आणि बारा वर्षांच्या हाताला ते ताणून ताणून करावं लागतं. मनगट एकदा बिघडलं की वर्ष जातं. पण त्याला सातची गोडी लागली असेल तर ती मारू नका. हंगेरियन संगीतकार बार्टोकचा ‘मायक्रोकॉसमॉस’ आणा. सहा भाग, 153 तुकडे, अगदी पाच बोटांपासून सुरुवात. पुढच्या भागांत बल्गेरियन तालांतले तुकडे आहेत, पाच-सात मात्रांचे, पोराच्या हातात मावतील असे. आणि शेजारी कोणी तबला शिकत असेल तर त्याच्यापाशी बसवा. डोंबिवली तुम्हाला लांब नाही.

*

‘मला यातलं काही कळत नाही, नातीबरोबर आले होते. पहिलं आणि दुसरं ऐकलं, दुसऱ्याला डोळे मिटून घेतले. तिसऱ्याला तुम्ही आल्या आल्याच ओरडायला लागलात. मग शेवटी जेव्हा खरंच ओरडायची वेळ आली तेव्हा तुमच्याजवळ काही उरलंच नव्हतं. आमच्या गावचे कीर्तनकारबुवा पूर्वरंगात कधी आवाज चढवायचे नाहीत. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर सोडून द्या.’
(एक आजी, गोरेगाव)

आजी, तोंड लहान माझं आहे.

पत्र वाचल्यावर आधी रागच आला. मग मी फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं, तुम्ही चुकताय हे सिद्ध करायला. त्यात आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, छान. जिंकले म्हणून चहा टाकला. चहा उकळताना लक्षात आलं की फोन हेच करतो. मोठा आवाज आला की आपला आपण कमी करून घेतो, लहान आला की वाढवतो, म्हणजे फोनच्या साक्षीत सगळेच निर्दोष. मग माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला विचारलं. तो शेवटच्या रांगेत होता आणि त्याने चिठ्ठीवर ‘खूप छान’ लिहिलेलं होतं. तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, ‘बाई, पहिल्या पानापासूनच फुल होतं.’ चिठ्ठीवर का नाही लिहिलंस? ‘तुम्ही दाराशीच उभ्या होतात.’

तर आजी, हे झालं कसं? घरी माझा पियानो उभा आहे, भिंतीला लावलेला. सभागृहातला आडवा, त्याचं झाकण उघडं, त्याच्या तारा लांब. घरच्या पियानोवर जेवढ्या जोरात हात टाकल्यावर ‘मोठा’ वाटतो, तेवढाच हात तिथे टाकला की छप्पर उडतं. हे मला माहीत आहे, सगळ्यांना माहीत असतं, दुपारी दोन तास तिथे बसून मी हात जुळवूनही घेतला होता. पण आठ महिन्यांची सवय दोन तासांत जात नाही, आणि ती सवय साधी नव्हती. मे महिन्यापासून मी घरी मधलं पेडल अडकवून वाजवत होते. ते अडकवलं की हातोड्या आणि तारा यांच्या मध्ये फेल्टचा पडदा उतरतो आणि आवाज एक-चतुर्थांश होतो. मग आपलंच आपल्याला ऐकू यावं म्हणून माणूस नकळत जास्त जोर लावतो. पाच-सहा महिने मी गोधडीखाली ओरडत होते म्हणा ना. शनिवारी कोणीतरी गोधडी काढून घेतली.

आता शेवटचा भाग मी पुन्हा पहिल्यापासून बसवते आहे. पहिलं पान पूर्वरंग. बोलल्यासारखं, पण ठाम. डाव्या हाताला नुसतं चालायला लावायचं, धावायला नाही. उत्तररंग कुठे सुरू होतो ते मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, शेवटच्या दोन पानांच्या आधी, आणि तिथे ‘बुवा’ असं लिहिलंय. नातीला सांगा, पुढच्या वेळी तुम्हाला पहिल्या रांगेत बसवायचं. नाही, शेवटच्याच. तिथूनच खरं कळतं.

*

‘मी कार्यक्रमाला आलो नव्हतो. गरजही नव्हती, मार्चपासून ऐकतो आहे. आमचा नातू दात घासताना डुं डां डुं म्हणतो. एकच सांगायचं होतं. एप्रिलमध्ये तुम्ही हे जास्त चांगलं वाजवत होतात. मे महिन्यापासून आवाज कमी केलात त्याबद्दल आभारी आहे, पण तेव्हापासून खाली नुसतं ठोकल्याचं येतं, गाणं येत नाही.’
(एक रहिवासी, दादर)

काका, नाव घातलं असतंत तरी चाललं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी: हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. एप्रिलच्या शेवटी एकदा वर आले होते. घरात परीक्षा होती, आणि त्यांनी फार सभ्यपणे, दारातच उभं राहून, चप्पल न काढता सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मी फेल्ट लावलं. आजींच्या पत्रातली गोधडी ती हीच. म्हणजे काका, तुम्ही वर आलात म्हणून मी फेल्ट लावलं, फेल्ट लावलं म्हणून हात जड झाला, हात जड झाला म्हणून गोरेगावच्या आजींना ओरडणं ऐकावं लागलं. यात तुमचा दोष नाही. परीक्षा ती परीक्षा. मीच विचारायला हवं होतं, कधीपर्यंत आहे. तुम्ही सांगितलं नाहीत, मी विचारलं नाही, आणि परीक्षा जूनमध्ये संपूनही फेल्ट ऑक्टोबरपर्यंत राहिलं.

आणि तुम्ही जे ऐकलंत ते शंभर टक्के खरं आहे. फेल्ट तारांचा आवाज दाबतं, पण पट्टी तळाला आपटते तो ठोका दाबत नाही. तो पियानोच्या पायांतून फरशीत, फरशीतून स्लॅबमध्ये आणि तिथून तुमच्या पंख्याच्या हुकापर्यंत जातो. वर मला दबलेलं गाणं ऐकू येत होतं आणि खाली तुम्हाला नुसता कुटाणा. सहा महिने मी तुमची सोय करत होते अशी माझी समजूत.

एप्रिलचं म्हणाल, तर एप्रिलमध्ये मी ते सेकंदाला चार मात्रांनी वाजवत होते. बसलं नव्हतं म्हणून हळू. पण हळू होतं म्हणून प्रत्येक स्वराला जागा होती. आता परवापासून चारवर परत गेले आहे. सहावर जायची घाई नाही, पाचावर लोक पळून गेल्याचं ऐकिवात नाही.

पियानोच्या पायांखाली रबराच्या जाड चकत्या सांगितल्या आहेत, पुढच्या आठवड्यात येतील. त्याखाली जाजमही घालते. बदल्यात एक मागते: मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार ते सहा फेल्ट न लावता वाजवू द्या, खिडक्या बंद ठेवीन. बाकीचे दिवस डिजिटल कीबोर्ड आणि हेडफोन, तुम्हाला फक्त बोटांची टकटक. तुमची झोप चारला होते ना? नसेल तर साडेचार.

उत्तर मासिकाकडे पाठवू नका, एका मजल्यासाठी पोस्टाला कशाला त्रास. जिन्यात भेटू. आणि नातवाला एकदा दात घासून झाल्यावर वर पाठवा. ते डुं डां डुं तो सात मोजून म्हणतो की आपल्या मनाने आठ करतो, तेवढं मला ऐकायचंय.